खळ वाळेपर्यंत

"बाई, संध्याकाळपर्यंत होईल ना?" असं विचारणारा रोज एक तरी येई, आणि बाइंडरबाई रोज तेच उत्तर देत. "खळ ओली आहे."

पुस्तकाच्या पाठीला खळ लावून ते एकदा दाबयंत्रात ठेवलं, की दुसऱ्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मध्येच काढलं तर पाठ वाकते, आणि एकदा वाकलेली पाठ, मग कितीही लाड करा, सरळ होत नाही. गिऱ्हाईक वकील असो की कॉलेजचे ग्रंथपाल, नियम सगळ्यांना सारखा. ग्रंथपाल एकदा हसत म्हणालेही, "तुमच्याकडे पुस्तकाला जेवढा आराम मिळतो, तेवढा आमच्याकडे माणसाला मिळत नाही."

"माणसाचं माणूस बघेल," बाई म्हणाल्या. "पुस्तकाला तोंड नसतं."

हे वाक्य ध्यानात ठेवावं. पुढे ते त्यांच्यावरच उलटलं.

दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. लांब टेबल, पानं शिवायची लाकडी चौकट, पुठ्ठ्यांच्या चळती, आणि कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र. त्याचं चाक फिरवायला दोन हात आणि एक शिवी लागे. चौदा पायऱ्या चढून वर दोन खोल्या. तिथे बाई आणि त्यांच्या नणंदबाई राहत. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्यामागे सासरचं एवढंच एक माणूस उरलं होतं, आणि एक पुरेसं होतं.

नणंदबाई, म्हणजे वन्सं, बाईंहून नऊ वर्षांनी मोठ्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढलेल्या. नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा जेवलाय की नाही, हे आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता, आणि तो सहसा खोटा ठरत नसे. निवृत्तीनंतर दाबयंत्राचं चाक फिरवण्याचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. शिवीही त्याच घालत. बाईंच्या हातात ते चाक फिरवायचं बळ उरलं नव्हतं.

बाईंना अकरा वर्षं संधिवात होता. म्हातारपणाचा नव्हे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, तो. सकाळी तासभर बोटं मिटत नसत, मूठ म्हणजे काय हेच विसरल्यासारखी. औषधांनी सूज बरीच ताब्यात आली होती. ताब्यात आला नव्हता तो थकवा. थकवा म्हणजे दमणं नाही, हे बाईंनी किती जणांना सांगितलं असेल! दमलेला माणूस घटकाभर बसला की उठतो. हा थकवा बसलेल्या माणसाच्या मांडीवर येऊन बसतो. तो रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर दवाखान्यात कुणी बोलत नाही.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या संशोधनवाल्या डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर त्यांनी एका दमात हो म्हटलं. डॉक्टर तरुण होत्या, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, आणि बोलताना दुसऱ्याचं ऐकायच्या, हे विशेष. संधिवाताच्या थकव्यावर मोठा अभ्यास होणार होता. बाराशे रुग्णांना प्रश्न विचारायचे होते. "तुमचं रक्त नको आहे, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही टेबलाच्या आमच्या बाजूला बसायचं. काय विचारायचं, कसं विचारायचं, ते आमच्याबरोबर ठरवायचं. रुग्ण-भागीदार म्हणतात त्याला."

"भागीदार?" घरी वन्संनी भुवई उडवली. "मग दवाखान्याच्या पाटीवर तुझं नाव लावणार का?"

"खुर्ची देणार आहेत."

"पाठ टेकायला आहे ना खुर्चीला? एवढं बघून घे."

सुरुवातीला भागीदार दोन होते. दुसरे म्हणजे बसचे ड्रायव्हरभाऊ, याच आजाराने स्टिअरिंग सोडून डेपोत टेबलावर बसवलेले. माणूस विनोदी. आठव्या बैठकीच्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं, आज गुडघे नाही म्हणतायत, जमणार नाही. नवव्या बैठकीला ते नव्हते. दहाव्यालाही नव्हते. त्यांच्या खुर्चीवर लोक दवाखान्यातले आपले पांढरे कोट आणि पिशव्या ठेवू लागले. बाईंनी ती खुर्ची बघितली आणि मनात खूणगाठ बांधली: एकदा नाही म्हटलं, की कोट पडतात.

दुसरी एक गोष्ट बाईंनी घरी सांगितली नव्हती. बैठकीला कुणी नवा डॉक्टर आला, विद्यार्थी आले, की कुणीतरी म्हणे, "बाई, तुमचा अनुभव सांगा ना, म्हणजे यांना कळेल." आणि बाई सांगत. अनुभव एकच होता. नवऱ्याला शेवटचं पोचवायला निघायचं होतं त्या सकाळी त्यांना स्वतःच्या ब्लाउजची बटणं लावता आली नव्हती. खाली माणसं खोळंबली होती आणि त्या पलंगावर बसून पाच बटणांकडे बघत होत्या. ऐकणारे गप्प होत. एखादा चष्मा पुसे. मग काम सुरू होई, आणि काम चांगलं होई, हे बाईंनाही दिसे. फक्त घरी आल्यावर त्यांना दोन दिवस कुणाशी बोलवत नसे. वन्संना वाटे, बैठका लांबतात.

अकराव्या बैठकीत कागदांवरून जुंपली. प्रश्नावली आधी चाळीस जणांवर करून बघितली होती. पहिला प्रश्न होता, 'गेल्या आठवड्यात तुम्हाला कसं वाटलं?' चाळीसांपैकी सदतीस जणांनी 'बरं' या शब्दावर खूण केली होती.

आकडेमोड बघणारे सर, ज्यांना सगळे आकडेवाले सर म्हणत, ते म्हणाले, "यावरून थकवा हा फार मोठा प्रश्न दिसत नाही."

"यावरून तुम्हाला मराठी येत नाही, असं दिसतं," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा चष्मा घसरला.

"रागावू नका, सर. पण मला सांगा, तुम्हाला कुणी 'कसे आहात' विचारलं तर काय म्हणता?"

"बरा आहे म्हणतो."

"मागच्या बैठकीला दाढ काढून आलात तेव्हा काय म्हणत होतात?"

सर हसले, कारण त्या दिवशी सुजलेला गाल घेऊन त्यांनी याच टेबलाशी तेच म्हटलं होतं.

"बघा! 'बरं आहे' हे तब्येतीचं उत्तर नाहीच. दार लावून घ्यायची रीत आहे ती. मागे रांग असते, डॉक्टर घड्याळ बघतात, घरच्यांना काळजी नको, म्हणून माणूस 'बरं' म्हणतो आणि मोकळा होतो. मरायला टेकलेला माणूससुद्धा 'बरं आहे, तुम्ही कसे आहात' म्हणतो. हे सदतीस जण खोटं नाही बोललेले. तुम्ही त्यांना नमस्कार केलात, त्यांनी नमस्कार केला."

"मग काय विचारायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी थोडा विचार केला. "विचारा, काल कोणतं काम अर्धवट टाकलंत? याला 'बरं' म्हणता येत नाही."

डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. आकडेवाले सर म्हणाले, प्रश्न छान आहे, पण अशी उत्तरं मोजणार कशी? शेवटी ठरलं की पुढच्या गुरुवारच्या बैठकीत निकाल लावायचा. त्यानंतर कागद छापायला जाणार आणि मग बदल नाही.

आता अडचण नीट समजून घ्या. बाई गुरुवारी गेल्या नाहीत तर सर जुना प्रश्न ठेवणार. बाराशे रुग्ण 'बरं' म्हणणार. आणि थकवा नाहीच, असं छापून येणार. असं बाईंना वाटत होतं, आणि अगदीच चुकीचं वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्या उठल्या तेव्हा दोन्ही मनगटं टम्म सुजलेली होती.

मनगटं त्यांनी पदराखाली घेतली. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायल्या. खाली जाऊन ग्रंथपालांचा जाडजूड ग्रंथ शिवायला घेतला. तिसऱ्या टाक्याला सुई हातातून निसटली. ती उचलायला वाकल्या आणि खालीच बसल्या. वन्सं दाबयंत्राशी होत्या.

"काय गं?"

"सुई शोधतेय."

"अर्धा तास?"

"बारीक आहे सुई."

वन्संनी चाक तेवढं थांबवलं. एक्स्चेंजमध्ये त्या कुणाचं बोलणं मध्येच तोडत नसत. लाइन चालू ठेवत.

मंगळवारी दवाखान्याचं पाकीट आलं. बैठकीच्या कागदांबरोबर दर वेळी एक चिठ्ठी असे, भरून परत द्यायची. तिच्यावर दोनच ओळी: 'आपली प्रकृती कशी आहे? बैठकीसाठी काही सोय हवी आहे का?' बाईंनी पेन धरून बघितलं. पेन धरता येईना.

"वन्सं, जरा एवढं लिहून द्या. प्रकृती: बरी. सोय: नको."

वन्संनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, पेन उघडलं, आणि परत बंद केलं.

"मी नाही लिहिणार."

"दोन शब्द आहेत, वन्सं."

"दोन असोत की दोनशे. माझ्या हाताने खोटं लिहायची नाही. मनगटं बघ तुझी, वेलीवर लागलेल्या भोपळ्यासारखी दिसतायत. कालपासून लपवतेयस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" वन्संनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "दर वेळी हेच लिहून देतेस?"

बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

"किती बैठका झाल्या?"

"अकरा."

"म्हणजे अकरा वेळा बरी. वा! परवा इथे जेवताना मला तोंड भरून सांगत होतीस, सदतीस लोकांनी 'बरं' लिहिलं, अशानं संशोधन कसं व्हायचं म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. त्या सदतिसांत अडतिसावी तूच की!"

हे लागलं. मारून लागलं नसतं एवढं लागलं. बाई टेबलावरचं दोऱ्याचं रीळ उगाच इकडून तिकडे सरकवत राहिल्या.

"तुम्हाला कळत नाही, वन्सं. एकदा नाही म्हटलं की ते परत बोलावत नाहीत. ड्रायव्हरभाऊंचं काय झालं? त्यांच्या खुर्चीवर पिशव्या ठेवतात. आणि गुरुवारी मी नसले तर तो प्रश्न गेला म्हणून समजा. दोन वर्षं घातलीत मी यात. नऊ वेळा ती बटणांची गोष्ट सांगितली…"

आणि त्या थांबल्या.

"कोणती बटणांची गोष्ट?" वन्संनी विचारलं.

रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला. मग बाईंनी सांगितलं. दहाव्यांदा, पण या वेळी पहिल्यांदाच अशा माणसाला, ज्याला ती गोष्ट आधीच माहीत होती. कारण त्या सकाळी पलंगापाशी गुडघ्यांवर बसून ती पाच बटणं वन्संनीच लावली होती. स्वतःच्या धाकट्या भावाला पोचवायला निघताना.

"माझ्या भावाची शेवटची सकाळ," वन्सं सावकाश म्हणाल्या, "तू परक्यांना नऊ वेळा सांगितलीस. आणि मला एकदाही नाही म्हणालीस की तुला ती आठवते."

"त्याने काम पुढे जात होतं."

"जात असेल. पण दोन-दोन दिवस तोंडाला कुलूप लावून बसायचीस ते यापायी होय! मी समजत होते, तिथला चहा वाईट असतो."

बाईंना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडूही आलं. दोन्ही थोडंथोडंच. मनगटं दुखत असली की डोळे पुसणंही जड जातं. वन्संनी आपल्या पदराने पुसले, जरा दांडगाईनेच.

मग वन्संनी चिठ्ठी पुढे ओढली. "हं. आता तुझाच प्रश्न तुला विचारते. काल कोणतं काम अर्धवट टाकलंस?"

"वन्सं, पुरे."

"लाइन चालू आहे. बोल."

बाईंनी बोटांवर मोजायचा प्रयत्न केला. बोटं मिटेनात, म्हणून तोंडानेच मोजलं. "ग्रंथपालांचं पुस्तक, तिसऱ्या टाक्याला. वेणी. औषधाच्या बाटलीचं झाकण. ते उघडलंच नाही, म्हणून काल रात्रीची गोळी राहिली. आंघोळीचं पाणी अर्धंच घेतलं, तांब्या उचलेना. माझ्या बहिणीला पत्र."

"गोळी राहिली?" वन्सं पेन थांबवून म्हणाल्या. "झाकण उघडायला मी मेले होते?" पण लिहिलं सगळं. चिठ्ठीत मावेना, मागच्या बाजूला गेलं. "आता सोय सांग."

"सोय नको."

"सोय सांग!"

बाईंनी वाकून ती ओळ वाचली. दोन वर्षांत ती ओळ त्यांनी वाचलीच नव्हती, नुसती भरली होती. "सकाळची वेळ नको," त्या अखेर म्हणाल्या. "दुपारनंतर ठेवा. मध्ये अर्धा तास पडायला जागा. आणि ती गोष्ट मी परत सांगणार नाही. कुणाला हवी असेल त्याने एकदा लिहून घ्यावी आणि वाचावी."

वन्संनी तेही लिहिलं, खाली ओळ मारली, आणि दुपारी स्वतः दवाखान्यात नेऊन दिलं. बाईंच्या औषधाच्या डॉक्टरांना मनगटांचं सांगून त्यांचीही वेळ घेऊन आल्या. असं काम अर्धवट टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

संध्याकाळी फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या.

"बाई, चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली." आवाज नेहमीसारखा भरभर नव्हता. "तुम्ही दर वेळी बरी म्हणत होतात, म्हणून आम्ही प्रत्येक नव्या माणसाला तुमच्याकडेच पाठवत गेलो. विचारलं आम्ही, पण उत्तरातलं आम्हाला सोयीचं तेवढंच घेतलं."

"म्हणजे मला काढताय?" बाईंनी सरळ विचारलं.

"काढत नाही! या गुरुवारची तारीख हलत नाही, छपाई ठरलेली आहे. पण तुम्ही यायचं नाही, अशा मनगटांनी तर नाहीच. खुर्ची तुमची आहे, पुढच्या महिन्यात तुम्हीच बसायचं आहे तिथे. दुपारी तीन वाजता."

"आणि खुर्चीवर कोट?"

"कोट?"

"ड्रायव्हरभाऊंच्या खुर्चीवर ठेवता ते."

पलीकडे शांतता. वन्सं कान देऊन होत्या. पुढे त्या म्हणाल्या, ती खरी शांतता होती, लाइन गेलेली नव्हती.

"त्यांना आम्ही परत विचारलंच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चुकलं आमचं. आता करते फोन."

गुरुवारी बाई वरच्या खोलीत पलंगावर पडून होत्या, मनगटांखाली उशा, आणि अंगाचा नुसता तिळपापड. खाली दुकानाला कुलूप. ग्रंथपाल येऊन, काचेवरची 'सोमवारपर्यंत बंद' ही पाटी वाचून, कुरकुर करत परत गेले. बाईंना तिथे जायचं होतं. कुणी म्हणेल आराम केला की मन शांत होतं, तर त्याने आधी करून बघावा. दहा वाजता त्या म्हणाल्या, आता बसले असतील. अकराला म्हणाल्या, आता सर मोजणी काढतील. साडेअकराला मात्र झोप लागली, आणि ती अडीच वाजता मोडली, कारण जिन्यावर कुणीतरी पायऱ्या मोजत येत होतं.

"…आठ. थांबा हं, आठव्या पायरीवर स्टॉप आहे." दोन मिनिटं गेली. "चौदा! ताई, तिकीट नाही काढलं हं मी."

ड्रायव्हरभाऊ दारातल्या खुर्चीत धपकन बसले. वन्संनी पाणी दिलं.

"गेला होतात?" बाईंनी उठायची धडपड केली.

"पडून राहा, पडून राहा. गेलो होतो. मंगळवारी फोन आला, तुमचा प्रश्न लिहून घेतला खिशात. मला वाटायचं तुम्हा लोकांना मी नकोसा झालो. त्यांना वाटायचं मला काम नकोसं झालं. चार महिने दोघं एकमेकांना बरं म्हणत बसलो." त्यांनी खिशातून घडी काढली. "पास झाला प्रश्न. आधी मी सरांनाच विचारला. म्हटलं, काल कोणतं काम अर्धवट टाकलंत? ते म्हणाले, मुलीला पोहायला न्यायचं होतं, दमलो होतो. म्हटलं, झालं की मोजून!"

बाईंनी डोळे मिटून घेतले. चेहरा सैल झाला.

"फक्त थोडा बदल केलाय," भाऊ म्हणाले.

डोळे उघडले. "काय?"

"दहा कामांची यादी दिलीय, खूण करायची. खाली एक कोरी ओळ आहे. आणि 'काल'च्या जागी 'गेल्या आठवड्यात' घातलंय."

"आठवड्यात? आठवड्याचं कुणाला आठवतं? माणूस परत 'बरं' म्हणणार! तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो. तिघांविरुद्ध एक. ताई, रुपयातले बारा आणे मिळाले, चार गेले. मीही सहा वाजल्यापासून उभा आहे." आणि ते खरंच तेवढे थकलेले दिसत होते. बाईंच्या ते तेव्हा लक्षात आलं. त्यांनी पुढची फैर गिळली.

"वन्सं, यांना पाय वर घ्यायला ते स्टूल द्या," त्या म्हणाल्या.

चार वाजता डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वन्संनी तो बाईंच्या कानाशी धरला.

"बाई, कशा आहात?"

शब्द सवयीने ओठांपर्यंत आला. "ब—" एवढं निघालंही. फोन धरल्या धरल्या वन्संनी एक भुवई वर केली.

"खळ ओली आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारपर्यंत हात लावू नका. आणि डॉक्टर, 'गेल्या आठवड्यात' हे मला मान्य नाही. लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तीन वाजता येऊन भांडणार आहे."

फोन ठेवून वन्सं म्हणाल्या, "पुस्तकाला तोंड नसतं म्हणे," आणि औषधाच्या बाटलीचं झाकण उघडायला गेल्या.